‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ पुन्हा पुन्हा येतो तेव्हा : एनएम लावून ऑब्जेक्ट फाइल वाचणे

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतले आमचे छोटे युनिट विहिरीवरच्या आणि बोअरवरच्या मोटारींसाठी मोबाईलवरून चालणारे ऑटो स्विच तयार करते. पेटीत एसटीएम३२ मालिकेतला मायक्रोकंट्रोलर, त्याला जोडलेले जीएसएम मॉड्यूल आणि तिन्ही फेजवर लक्ष ठेवणारे सर्किट असते. मॉड्यूलशी बोलणारी लायब्ररी मात्र आमची नाही. ती बाहेरच्या एका पुरवठादाराकडून तयार ‘डॉट ए’ फाइलच्या रूपात येते आणि तिचा सोर्स मिळत नाही. दर काही महिन्यांनी तिची नवी आवृत्ती येते आणि दर वेळी आमचा बिल्ड शेवटच्या पायरीवर, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली एकत्र जोडून एक प्रोग्राम करणाऱ्या लिंकिंगला, अडतो. सगळ्या फाइली बिनतक्रार कंपाइल होतात आणि लिंकर एकच वाक्य छापतो : अमुक फंक्शनचा अनडिफाइन्ड रेफरन्स, म्हणजे ते फंक्शन कोणीतरी मागते आहे, पण ते कुठेच सापडत नाही.

आमच्याकडे नव्याने आलेला अहमदपूरचा मुलगा पहिल्यांदा या एररपाशी थांबला, तेव्हा म्हणाला, “सर, फंक्शन तर हेडरमध्ये आहे की!” त्याचे म्हणणे खरे होते आणि त्याचा काहीच उपयोग नव्हता. हेडर म्हणजे फंक्शनांची नुसती घोषणा करणारी फाइल; तिच्यात नाव असणे म्हणजे लग्नपत्रिकेवर नाव असणे. माणूस मांडवात आला आहे की नाही, ते पत्रिका सांगत नाही. लिंकर हेडर वाचत नाही, सोर्सही वाचत नाही. त्याच्यासमोर फक्त ऑब्जेक्ट फाइली (कंपायलरने तयार केलेल्या ‘डॉट ओ’ फाइली) आणि लायब्ररी (अशा फाइलींचे ‘डॉट ए’ गाठोडे) असतात, आणि त्या फाइलींमधल्या सिम्बॉल टेबलात, म्हणजे फंक्शन-व्हेरिएबलांच्या नावांच्या तक्त्यात, जे नाव जसे लिहिले आहे तेवढेच त्याला दिसते. त्यामुळे सोर्स पुन्हा पुन्हा चाळण्याआधी लिंकर जे पाहतो तेच आपण पाहावे, आणि ते दाखवणारी आज्ञा म्हणजे एनएम. ही आज्ञा युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि आज लिनक्सवर ती ग्नू बिनयुटिल्स या संचासोबत येते. बोर्डासाठी मात्र बोर्डाच्याच टूलचेनमधली, म्हणजे त्याच्या कंपायलर-लिंकरच्या संचातली, एनएम वापरावी. आमच्याकडे ती ‘आर्म-नन-ईएबीआय-एनएम’ या नावाने आहे. खाली आज्ञा, पर्याय आणि फंक्शनची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत; टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत टंकावीत, आणि कॅपिटल-स्मॉल हा फरक कटाक्षाने पाळावा, कारण येथे त्या फरकाने अर्थ बदलतो.

एनएमच्या प्रत्येक ओळीत पत्ता, एक अक्षर आणि नाव अशा तीन गोष्टी असतात, आणि सगळे मर्म त्या मधल्या अक्षरात असते. कॅपिटल टी म्हणजे हे फंक्शन या फाइलमध्ये आहे आणि ते इतरांनाही वापरता येते. स्मॉल टी म्हणजे फंक्शन येथे आहे, पण ते स्टॅटिक असल्यामुळे घरच्यापुरतेच आहे. कॅपिटल यू म्हणजे हे नाव या फाइलला हवे आहे, पण तिच्याजवळ नाही. यू असलेल्या ओळीत पत्त्याची जागा मोकळी असते. डी म्हणजे सुरुवातीची किंमत दिलेला व्हेरिएबल, बी म्हणजे शून्यापासून सुरू होणारा, आर म्हणजे फक्त वाचण्याचा डेटा, आणि डब्ल्यू म्हणजे वीक, म्हणजे दुसरा कोणी खमक्या आला तर जागा सोडणारा सिम्बॉल. या डब्ल्यूने आम्हाला सर्वांत जास्त छळले. त्याचे सविस्तर पुढे येईलच.

अनडिफाइन्ड रेफरन्स आला की फक्त दोन प्रश्न विचारायचे : हे नाव कोण मागते आहे, आणि ते कोण देते आहे? त्यासाठी एनएमला ‘डॅश कॅपिटल ए’ हा पर्याय द्यावा, म्हणजे प्रत्येक ओळीच्या आधी फाइलचे नाव छापले जाते. सगळ्या ‘डॉट ओ’ फाइली आणि लायब्ररी एकाच आज्ञेला द्याव्यात आणि निघालेला मजकूर ग्रेप या शोध-आज्ञेतून गाळून त्या नावाच्या ओळी वेगळ्या काढाव्यात. गाळताना पूर्ण नाव न देता नावाचा गाभा द्यावा, कारण पूर्ण नाव दिले तर बऱ्याचदा जो फरक शोधायचा आहे तोच गाळला जातो. पहिल्या वेळी आमच्या पडद्यावर या दोन ओळी आल्या होत्या (मधली यू आणि टी ही अक्षरे कॅपिटल) :

मेन.ओ:         यू  _झेड८जीएसएम_इनिटएम
लिबजीएसएम.ए:जीएसएम_कोअर.ओ:००००००००  टी  जीएसएम_इनिट

मागणारा आहे, देणाराही आहे, पण दोघांची नावे जुळत नाहीत. आमची मुख्य फाइल सी++ मध्ये आहे आणि सी++ चा कंपायलर फंक्शनच्या नावात त्याच्या पॅरामीटरचे प्रकार गुंफतो. त्याला मँगलिंग म्हणतात. सुरुवातीचे अंडरस्कोर आणि कॅपिटल झेड ही त्या गुंफणीची खूण, ८ हा आकडा म्हणजे पुढच्या नावातल्या रोमन अक्षरांची संख्या, अंडरस्कोर धरून, आणि शेवटचा स्मॉल एम म्हणजे अनसाइन्ड लाँग हा प्रकार. लायब्ररी साध्या सीमध्ये लिहिलेली असल्यामुळे तिच्यात नाव जसेच्या तसे राहिले. पुरवठादाराने हेडरमधली ‘एक्स्टर्न सी’ची चौकट, म्हणजे ही नावे गुंफू नयेत असे सी++ च्या कंपायलरला सांगणारी खूण, नव्या आवृत्तीत गाळली होती, एवढाच दोष होता. त्यांचे हेडर आम्ही बदलत नाही, कारण पुढच्या आवृत्तीत तो बदल पुसला जातो. आमच्या फाइलमध्ये ते इन्क्लूड करण्याची ओळच ‘एक्स्टर्न सी’च्या कंसात टाकली.

या प्रकाराची एक खूण एनएम लावण्याआधीच लिंकरच्या एररमध्ये सापडते. एररमधल्या नावापुढे कंस आणि कंसात पॅरामीटरचे प्रकार दिसत असतील, तर लिंकर सी++ चे नाव शोधतो आहे असे समजावे. नुसते नाव असेल तर साध्या सीचे. एनएमचा ‘डॅश कॅपिटल सी’ हा पर्याय गुंफलेले नाव उलगडून वाचनीय करतो आणि तो सोयीचाही आहे, पण माझे मत असे की पहिल्या खेपेला तो लावू नये. लिंकर अक्षराला अक्षर जुळवतो, तेव्हा आपणही आधी कच्चे नाव पाहावे आणि मग हवे तर उलगडावे.

याच गुंफणीचा एक अधिक चिवट प्रकार आमच्याच कोडमध्ये निघाला, आणि त्याचे खापर कोणावर फोडण्याची सोय नव्हती. हेडरमध्ये एका फंक्शनचा पॅरामीटर अनसाइन्ड इंट असा लिहिला होता आणि फंक्शन प्रत्यक्ष लिहिताना मात्र ‘यूइंट३२_टी’ असा. टेबलावरच्या संगणकात चाचण्या चालवल्या तर सगळे जुळत होते, बोर्डासाठी बिल्ड केला की अनडिफाइन्ड रेफरन्स येत होता. कारण असे की ६४ बिट लिनक्सवर ‘यूइंट३२_टी’ म्हणजे अनसाइन्ड इंटच असतो आणि गुंफलेल्या नावात त्याच्यासाठी स्मॉल ‘जे’ हे अक्षर येते; आमच्या आर्म टूलचेनमध्ये तोच प्रकार अनसाइन्ड लाँग आहे आणि त्याचे अक्षर स्मॉल ‘एम’. दोन्ही प्रकार बोर्डावर ३२ बिटांचेच आहेत, तरीही सी++ च्या लेखी ती दोन वेगळी फंक्शने झाली. सोर्स वाचून हे कळायला अख्खी दुपार गेली असती. एनएमच्या दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या तर शेवटचे एक अक्षर वेगळे आहे, हे त्या मुलानेच बोट ठेवून दाखवले.

नाव तंतोतंत जुळते आणि तरीही एरर जात नाही, असेही होते. तेव्हा लिंकरला दिलेल्या फाइलींचा क्रम पाहावा. लिंकर आज्ञेतली यादी डावीकडून उजवीकडे वाचतो आणि ‘डॉट ए’ लायब्ररीपाशी आल्यावर, तोपर्यंत जी नावे अपुरी राहिली आहेत ती पुरवणाऱ्याच फाइली तिच्यातून काढून घेतो. लायब्ररी आधी लिहिली आणि मागणारी ऑब्जेक्ट फाइल नंतर, तर लायब्ररीपाशी असताना कोणाचीच मागणी नसते. म्हणून लायब्ररी नेहमी शेवटी लिहावी. दोन लायब्ररी एकमेकींकडे मागत असतील, तर त्यांना लिंकरच्या ‘स्टार्ट-ग्रुप’ आणि ‘एंड-ग्रुप’ या पर्यायांच्या मध्ये ठेवावे.

देणाऱ्याच्या ओळीत स्मॉल टी दिसला तर उत्तर समोरच आहे : फंक्शनवर कोणीतरी स्टॅटिक लिहिले आहे. देणाराच कुठे दिसत नसेल, तर ती फाइल मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या पायऱ्यांच्या यादीत, घ्यायची राहिली आहे, किंवा एखाद्या ‘इफडेफ’ या अटीने तेवढा भाग वगळला आहे, किंवा नावात टंकनदोष आहे. जुन्या कंपायलरवर सीमध्ये चुकीचे टंकलेले फंक्शन नुसत्या वॉर्निंगवर सुटून लिंकरपर्यंत पोहोचत असे. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून ती सरळ एरर झाली आहे, आणि हे फार बरे झाले. आणखी एक विचित्र रूप म्हणजे डिबग बिल्डमध्येच एरर येणे आणि ऑप्टिमायझेशन चालू केले की ती नाहीशी होणे. ते दिसले की सीमध्ये नुसते ‘इनलाइन’ लिहिलेले फंक्शन शोधावे. जीसीसी ५ पासून, म्हणजे २०१५ पासून, सीचा डीफॉल्ट प्रमाण बदलला आणि नुसत्या इनलाइन फंक्शनची स्वतंत्र प्रत कंपायलर तयार करीनासा झाला. ऑप्टिमायझेशन नसेल तर ते आत विरघळतही नाही आणि यू तसाच उरतो. ‘स्टॅटिक इनलाइन’ लिहिले की प्रश्न मिटतो.

आता पुरवठादाराच्या लायब्ररीकडे परत येऊ, कारण आमचे वारंवार अडणे मुख्यतः तेथले होते. बहुतेक वेळा एररमधले नाव आम्ही कधी वापरलेलेच नसते, आणि नेमके त्यामुळे नवा माणूस गोंधळतो. अशा वेळी मागणारी फाइल आमची नसून लायब्ररीच्या आतली असते : नव्या आवृत्तीत त्यांनी एखादे नवे फंक्शन वापरायला घेतलेले असते आणि ते ग्राहकाने लिहून द्यावे अशी अपेक्षा असते, उदाहरणार्थ सिरियल पोर्टवर बाइट पाठवणारे किंवा मिलिसेकंद मोजणारे. सोबतच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख असतोच असे नाही. म्हणून नवी लायब्ररी आली की बिल्डला हात लावण्याआधी आम्ही दोन याद्या काढतो. ‘डॅश जी’ आणि ‘डॅश डॅश डिफाइन्ड-ओन्ली’ हे पर्याय एकत्र दिले की ती काय देते ते कळते, आणि ‘डॅश स्मॉल यू’ दिला की तिच्यातल्या फाइली काय मागतात ते कळते. ‘डॅश कॅपिटल पी’ जोडला तर नाव ओळीच्या आरंभी येते आणि पुढचे गाळणे सोपे होते. दोन्ही याद्या क्रमाने लावून ‘कॉम’ या आज्ञेने मागणीतून पुरवठा वजा केला की बाहेरून काय काय द्यावे लागणार ते उरते, आणि जुन्या आवृत्तीची तीच यादी ‘डिफ’ने शेजारी लावली की नेमके काय वाढले ते दोन मिनिटांत दिसते. जुन्या याद्या म्हणूनच जपून ठेवाव्यात. आम्ही त्या कोडसोबतच गिटमध्ये ठेवतो.

उलट तक्रार म्हणजे ‘मल्टिपल डेफिनिशन’, एकच नाव एकाहून जास्त फाइलींनी देणे. कंपायलर नवा घेतला त्या दिवशी आमच्याकडे एका सपाट्यात अशा एररांचा ढीग पडला होता आणि कोडमध्ये एक ओळही बदललेली नव्हती. एनएममध्ये मोटारीची स्थिती ठेवणारा एकच व्हेरिएबल पाच फाइलींमध्ये बी या अक्षरासह दिसला. जुन्या कंपायलरने केलेल्या ऑब्जेक्ट फाइलींमध्ये त्याच जागी सी, म्हणजे कॉमन, होता. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ न लिहिता व्हेरिएबल घोषित केला की तो प्रत्येक फाइलमध्ये जन्म घेतो. पूर्वी लिंकर ही सगळी भावंडे एकत्र करून टाकत असे, जीसीसी १० पासून डीफॉल्ट बदलला आणि त्याने तक्रार सुरू केली. ‘एफ-कॉमन’ हा पर्याय देऊन जुनी वागणूक परत आणता येते, पण तो ठिगळाचा उपाय आहे. हेडरमध्ये एक्स्टर्न लिहून व्याख्या एकाच फाइलमध्ये ठेवावी.

येथपर्यंतच्या सगळ्या दोषांत एक सौजन्य आहे : लिंकर ओरडतो. वीक सिम्बॉलच्या बाबतीत तो ओरडत नाही.

गेल्या रब्बीत वसमतकडच्या एका आखाड्यावरून फोन आला की पेटीवरचा दिवा लागतो, पण मोबाईलवरून मोटार चालू होत नाही. रात्रीच्या पाळीत थ्री फेज येते, ज्वारीला पाणी द्यायचे असते, आणि त्या शेतकऱ्याने पेटी घेतली होती ती नेमकी अंधारात विहिरीपर्यंत जाणे टळावे म्हणून. पेटी परत मागवून टेबलावर लावली, तर मॉड्यूलकडून पहिला बाइट येताच कंट्रोलर जागच्या जागी थिजत होता. बिल्ड स्वच्छ होता, एकही वॉर्निंग नव्हती. आम्ही आधी मॉड्यूल बदलले, मग पॉवर सप्लाय, मग सोल्डरिंग पुन्हा केले. शेवटी लिंक होऊन तयार झालेल्या अंतिम फाइलवर एनएम चालवली आणि पत्त्यांच्या क्रमाने लावण्यासाठी ‘डॅश एन’ दिला, तेव्हा या दोन ओळी शेजारी शेजारी आल्या :

०८००१९३४  टी  डिफॉल्ट_हँडलर
०८००१९३४  डब्ल्यू  यूएसएआरटी२_आयआरक्यूहँडलर

दोन नावे आणि पत्ता एकच. यूएसएआरटी२ हा कंट्रोलरचा सिरियल पोर्ट. एसटीएम३२ च्या स्टार्टअप फाइलमध्ये प्रत्येक इंटरप्टच्या (बाइट आला अशा हार्डवेअरच्या हाकेच्या) हँडलरचे, म्हणजे त्या हाकेला ओ देणाऱ्या फंक्शनचे, नाव आधीच वीक म्हणून दिलेले असते आणि ते सगळे डिफॉल्ट हँडलरकडे वळवलेले असतात, जो स्वतःभोवती अखंड फिरणारा एका सूचनेचा लूप आहे. आपण त्याच नावाचे खरे फंक्शन लिहिले की वीक बाजूला होतो आणि अक्षर टी होते. आमच्याकडे हँडलर लिहिलेला होता, पण ती फाइल सीमधून सी++ मध्ये नेताना त्याचे नाव गुंफले गेले. त्यामुळे तो वेगळ्याच नावाने फाइलमध्ये पडून राहिला, हँडलरच्या पत्त्यांच्या यादीने, म्हणजे वेक्टर टेबलाने, वीक उचलला, आणि मागणाऱ्याला काहीतरी मिळालेच असल्यामुळे लिंकरला तक्रारीचे कारण उरले नाही. ‘एक्स्टर्न सी’ लावल्यावर ओळीतला डब्ल्यू जाऊन टी आला, पत्ता बदलला आणि पेटी बोलू लागली.

पुढच्या महिन्यात तोच दोष दुसऱ्या वाटेने परत आला, म्हणून येथे थोडे थांबतो. सामायिक कोड आम्ही स्वतःच्या एका ‘डॉट ए’ लायब्ररीत हलवला, त्यात हा हँडलरही गेला. नाव या वेळी बरोबर होते, लायब्ररीवर एनएम लावली तर टी दिसत होता, अंतिम फाइलमध्ये मात्र पुन्हा डब्ल्यू. वर सांगितलेला लिंकरचा नियम येथे उलटा लागतो : लायब्ररीतून फाइल काढली जाते ती अपुरे राहिलेले नाव भरण्यासाठी, आणि वीक व्याख्या आधीच हजर असेल तर ते नाव अपुरे मानलेच जात नाही, मग लायब्ररीत खरे फंक्शन असूनही त्याला कोणी बोलावत नाही. अशा फाइली लायब्ररीत न घालता ‘डॉट ओ’ म्हणून थेट लिंकरला द्याव्यात, किंवा त्या लायब्ररीपुरता ‘होल-आर्काइव्ह’ हा पर्याय लावावा. आम्ही पहिला मार्ग घेतला, कारण दुसऱ्याने नको असलेला कोडही ओढला जाण्याचा संभव असतो आणि आमच्या कंट्रोलरमध्ये फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम साठवण्याची जागा, मोजकी आहे.

एनएम स्वतःच कधी गोंधळात टाकते, तेही सांगून ठेवतो. ‘नो सिम्बॉल्स’ असे उत्तर आले तर फाइल स्ट्रिप केलेली, म्हणजे नावांचा तक्ता काढून टाकलेली, आहे. ती लिनक्सची शेअर्ड लायब्ररी, म्हणजे ‘डॉट एसओ’, असेल तर ‘डॅश कॅपिटल डी’ देऊन डायनॅमिक सिम्बॉल पाहता येतात. लिंक टाइम ऑप्टिमायझेशन, म्हणजे लिंकिंगच्या वेळी कोड सुधारण्याची सोय, चालू असेल तर साधी एनएम प्लगिन नसल्याची तक्रार करते किंवा अपुरी यादी देते. त्यासाठी टूलचेनमध्येच ‘जीसीसी-एनएम’ नावाची जोड आज्ञा असते, ती वापरावी. आणि नावे जुळूनही लिंकर फ्लोटिंग पॉइंटच्या पद्धतीवरून, हार्ड की सॉफ्ट यावरून, फाइल नाकारत असेल, तर ते एनएमच्या कक्षेबाहेरचे आहे. तेथे ‘रीडएल्फ’ला ‘डॅश कॅपिटल ए’ देऊन दोन्ही फाइलींचे गुणधर्म ताडून पाहावेत.

वीकचा दोष तिसऱ्यांदा येऊ नये म्हणून मेकफाइलमध्ये लिंकिंगनंतरची एक पायरी वाढवली आहे. एका छोट्या मजकूर फाइलमध्ये आम्ही लिहिलेल्या सर्व हँडलरची नावे ओळीने दिली आहेत. अंतिम फाइलच्या एनएममध्ये त्यांपैकी कोणापुढेही कॅपिटल टीखेरीज दुसरे काही आले, किंवा नाव सापडलेच नाही, तर बिल्ड तेथेच थांबतो. सगळ्याच डब्ल्यूंवर बिल्ड थांबवण्याचा मोह आधी झाला होता, पण न वापरलेल्या इंटरप्टांचे हँडलर वीक असणेच योग्य आहे आणि तसे केले असते तर बिल्ड कधीच पूर्ण झाला नसता. त्या यादीत नवे नाव घालायला मात्र माणूस विसरू शकतो. परवा टायमरचा नवा हँडलर लिहिताना मी स्वतःच विसरलो होतो, आणि ते अहमदपूरच्या त्या मुलाने पकडले.